ओळखीची भाकरी

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव संपल्यावर ओढ्याच्या अलीकडे दोनच घरं होती, आणि त्यातल्या एका घरात एक बाई एकटीच राहायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. कोंबड्या मात्र अंगणभर होत्या. त्यामुळे गावातलं लहानथोर तिला कोंबडीवाली आक्का म्हणायचं.

आक्का तोंडाने फटकळ होती, पण कोंबड्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठली कोंबडी आता खुडूक होऊन अंड्यांवर बसणार, हे तिला कोंबडीच्या आधी कळायचं. गावातल्या बायका आपली अंडी पदरात घालून आणायच्या आणि आक्काच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायच्या. पिल्लं निघाली की निम्मी आक्काची, निम्मी अंडीवालीची. आता अंडी ठेवायला आलेली बाई अंडी ठेवून लगेच थोडीच जाते? ती ओट्यावर टेकायची, पानाला चुना लावायची, सुनेचं गाऱ्हाणं सांगायची. आक्का तिलाच चार शब्द सुनावायची. तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

दुसरं घर हौसाचं. दोन्ही घरांच्या मध्ये एक जुना दगडी बांध होता. हौसाला यायला अंड्यांचं निमित्तही लागत नसे. तिच्याकडे काही चांगलंचुंगलं शिजलं की एक वाटी बांधावरून आक्काकडे यायची, आणि रिकामी वाटी परत जाताना तिच्यात एखादं अंडं असायचं.

आक्काची लाडकी कोंबडी होती तुरेवाली. डोक्यावर झुपकेदार तुरा, अंगावर तांबूस पिसं. आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून आक्काने तिच्या पायात हिरवी चिंधी बांधली होती. तुरेवाली आक्काच्या मागे मागे फिरायची आणि आक्का जेवायला बसली की थेट तिच्या मांडीला टेकून बसायची. एकट्या माणसाला जेवताना कुणीतरी शेजारी लागतं. आक्काला ती कोंबडी होती.

एक दिवस तुरेवाली दिसेना. आक्काने परसदार पालथं घातलं, ओढ्यापर्यंत हाका मारल्या. शेवटी दगडी बांधापाशी तांबूस पिसं सापडली. ती हौसाच्या बाजूला पडली होती.

नेमके त्याच दिवशी हौसाकडे व्याही आले होते. बांधापलीकडून रश्श्याचा घमघमाट सुटला होता. दुपारी हौसा घाईघाईने बांधाशी आली, पळसाच्या पानाने झाकलेली वाटी आक्काच्या हातात दिली आणि म्हणाली, “आक्का, गरम हाय तवर खा बरं का. मला पाव्हण्यास्नी वाढायचंय.” आणि आली तशी गेली.

आक्का त्या वाटीकडे बघत राहिली. बघता बघता तिची खात्रीच झाली. वाटीत तुरेवालीच आहे, आणि वर मलाच वाढायचं धाडस बघा हिचं!

तिने विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मीही गप्प बसलो असतो. पण आक्काने ओठ घट्ट मिटले आणि संध्याकाळी ती भरलेली वाटी तशीच्या तशी बांधावर ठेवून दिली. थोड्या वेळाने हौसा आली, वाटीतला थिजलेला रस्सा बघितला, आक्काच्या बंद दाराकडे बघितलं आणि वाटी उचलून घेऊन गेली.

पुढे सुगी झाल्यावर दरवर्षीसारखा धनगर आला. त्याची मेंढरं आक्काच्या मोकळ्या वावरात बसायची. आक्का त्याला म्हणाली, “दादा, मला राखणीला कुत्र्याचं एक पिल्लू दे. असं दे की माझ्या अंगणात माणूस शिरता कामा नये.”

धनगर हसला. “पिल्लू देतो आक्का. पर त्याची रीत हाय, ती पाळायला लागंल. पयलं म्हंजे त्याला घरात घ्यायचं न्हाई. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोपवायचं, तिथंच खायाला घालायचं. कोंबड्यांचा वास त्याच्या अंगात मुरला की कोंबड्या त्याला आपल्या घरच्या वाटतील. मग ते जिवापल्याड राखंल.”

“बरं. आणि दुसरं?”

“दुसरं, जरा मोठं झालं की त्याला दोरी लावून गावात दारोदार न्यायचं. ज्याच्या त्याच्या हातनं भाकरीचा तुकडा खाऊ घालायचा. आमी त्याला वळखीची भाकरी म्हंतो. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला हे कुत्रं इसरत न्हाई. ज्याच्या हातचं खाल्लं न्हाई त्याला आत सोडत न्हाई, मग तू सांग न्हाईतर राजा सांगू दे.”

आक्काने पिल्लाचं नाव कोतवाल ठेवलं आणि पहिली रीत अगदी मनापासून पाळली. थंडीत पिल्लू दारावर पंजे मारून रडायचं. आक्का आत जागीच असायची, तरी तिने दार उघडलं नाही. पिल्लू खुराड्याला टेकून झोपायला शिकलं. हळूहळू कोंबडीची पिल्लं त्याच्या पाठीवर चढायला लागली, त्याच्या शेपटीत चोची मारायला लागली, आणि हा आपला डोळे मिटून पडून राहायचा.

मग दुसऱ्या रीतीचा दिवस आला. आक्काने कोतवालाच्या गळ्यात दोरी बांधली आणि ती कुंपणाच्या कवाडीपर्यंत गेली. गावाकडे जायचं तर पहिलं घर हौसाचंच. हौसा दारात धान्य पाखडत होती. तिने मान वर करून बघितलं आणि सूप हातातच धरून थांबली. आक्का येतेय असं तिला वाटलं असावं.

आक्काला ती वाटी आठवली. ‘हिच्या हातची भाकरी माझ्या कुत्र्याला?’ ती मनात म्हणाली. ‘आणि बाकीचे तरी कोण लागून गेलेत! कुणी कोंबडी खाल्ली, कुणी बघून गप्प बसलं.’ तिने दोरी सोडली, कवाडी लावली आणि ती मागे फिरली.

कोतवाल वाढून वासराएवढा झाला. अंगणात खरोखरच कुणाला शिरता येईना. अंडी घेऊन आलेली बाई कुंपणापाशी यायची, कोतवाल दात विचकून उभा राहायचा, बाई पदर सावरत परत जायची. काही दिवस बायकांनी लांबून हाका मारून बघितल्या. मग त्यांनी आपली अंडी आपल्याच घरी उबवायला ठेवली. संक्रांतीला कुणीतरी कुंपणाच्या खांबावर तिळगुळाची पुडी ठेवून गेलं. आक्काला ती दिसेपर्यंत मुंग्यांनी ती संपवली होती.

कोंबड्या वाढल्या, अंडी वाढली, एकही कोंबडी गेली नाही. आक्का स्वतःशीच म्हणायची, “बघा, कसं सुखात चाललंय!” पण हे ऐकायला ओट्यावर कुणी नव्हतं. ती कोंबड्यांशी बोलायची. कोंबड्या माना वाकड्या करून ऐकायच्या. मात्र “मग पुढं काय झालं गं?” असं कोंबडी कधी विचारत नाही. कोतवालही नाही. तो खुराड्यापाशी बसायचा, कारण त्याला तसंच शिकवलं होतं. आक्का ओट्यावर बसायची. मधल्या अंगणाकडे बघताना कधीकधी तिला रडू यायचं आणि ते कशाचं हे ती स्वतःलाही सांगत नसे.

एका दुपारी कोतवाल बांधापाशी भुंकायला लागला. दगडांच्या कपारीतून एक भलंमोठं मुंगूस बाहेर निघालं आणि ओढ्याकडे पळालं. कोतवाल पंजांनी कपार उकरत राहिला. आक्का जवळ गेली. आत वाळलेली पिसं होती, हाडं होती आणि मातीत अर्धी रुतलेली एक हिरवी चिंधी होती.

आक्काने ती चिंधी ओढून काढली. गाठ तिनेच मारलेली होती.

ती तिथेच बांधाला टेकून खाली बसली. पलीकडे हौसा गवऱ्या थापत होती. दोघींच्या मध्ये एवढासा बांध होता. आक्काने फक्त उभं राहून हाक मारायची होती. ‘पण काय सांगू तिला?’ तिला वाटलं. ‘की मी तुला चोर समजले? तिला तर ठाऊकही नाही की मी तिला चोर समजले. आता आपणहून कशाला सांगा!’ चिंधी कनवटीला लावून ती उठली. ‘उद्या जाईन,’ असं म्हणाली.

तो उद्या काही आला नाही. रोज सकाळी आक्का जायचं ठरवायची आणि रोज काहीतरी काम निघायचं. लाज वाटत असली की माणसाला कामं भराभर सुचतात.

असंच एकदा एक खट्याळ कोंबडी अंगणातल्या रिकाम्या गोठ्याच्या माळ्यावर अंडी घालायला लागली. अंडी काढायला आक्का शिडीवर चढली. शिडी सरकली आणि आक्का अंगणात आडवी पडली. पाय मांडीतून मोडला होता. तिला हलता येईना. ती ओरडली, “अगं कुणी हाय का गं?”

पहिली धावत आली ती हौसा. कवाडीशी पोचली तर समोर कोतवाल. मालकीण जमिनीवर पडलेली आणि अनोळखी बाई आत येऊ बघतेय, एवढंच त्याला कळत होतं. त्याने असा आवाज काढला की हौसाचा हात कवाडीवरून मागे आला.

“कोतवाल, सोड तिला! येऊ दे!” आक्का कळवळून म्हणाली. कोतवाल धावत आला, तिचं तोंड चाटलं आणि परत कवाडीत जाऊन उभा राहिला.

हाकेसरशी गाव गोळा झालं. हाडं बसवणारा वैद्यही आला. पण सगळे कुंपणाबाहेर. ऊन चढत होतं, आक्काचा पाय सुजत होता. ज्या बायका तिच्या ओट्यावर पान खायच्या त्या हाताच्या अंतरावर उभ्या होत्या आणि एकीलाही तिच्या तोंडाला पाणी लावता येत नव्हतं. शेवटी काही गडी काठ्या आणि कुऱ्हाड घेऊन आले.

“आक्का, आता इलाज न्हाई. कुत्र्याला मारायला लागंल,” त्यातला एक म्हणाला.

“नगा रं मारू त्याला!” आक्का रडायला लागली. “त्याची काय चूक? मीच त्याला कुणाच्या हातचा तुकडा घेऊ दिला न्हाई. हौसा, ऐकतीस का? तुझ्याकडं व्याही आलं त्या दिवशी माझी तुरेवाली गेली. मला वाटलं, तूच मारलीस अन् मलाच वाटीत घालून दिलीस. मुंगसानं नेली होती गं ती. ही बघ चिंधी. ठाऊक होऊनसुदा मी तुला सांगाय आले न्हाई.”

हौसाने त्या चिंधीकडे बघितलं. ती वळली आणि आपल्या घराकडे चालू लागली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आक्काने डोळे मिटून घेतले. आपलं आता संपलं असं तिला वाटलं, आणि ते वाटणं पायाच्या कळेहून वाईट होतं.

थोड्या वेळाने कवाडीपाशी कुणीतरी बसल्याचं तिला जाणवलं. हौसा होती. हातात टोपलीभर भाकऱ्या होत्या. तिचे डोळे भरून आले होते.

“आक्का,” ती म्हणाली, “वाटी भरलेली परत आली तवापासनं मला वाटत हुतं, माझ्या रश्श्यात मीठच कमी पडलं आसंल. घरातली म्हणायची, लई खारट करायला लागलीस. मी आपली मीठ वाढवत ऱ्हायले. एकदा तोंडानं इचारायचं हुतंस की गं.”

आक्काला हुंदका आवरेना. तिने तशीच कोतवालाला हाक मारली. तो आला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकून हौसाकडे बोट केलं. “जा. घे तिच्या हातचं. आपली हाय ती.”

हौसाने कुंपणातून तुकडा पुढे धरला. तिने तो तसाच धरून ठेवला. कोतवाल सावकाश गेला, हाताचा वास घेतला, मागे वळून आक्काकडे बघितलं आणि तुकडा उचलला. मग तो कवाडीतून बाजूला झाला.

हौसा आत आली आणि आक्काचं डोकं मांडीवर घेऊन तिला पाणी पाजलं. बाहेर गडी काठ्या टाकून रांगेत उभे राहिले. टोपलीतला एकेक तुकडा प्रत्येकाच्या हातात गेला. सगळ्यात पुढे वैद्यबुवा होते. त्यांनी डोळे गच्च मिटून तुकडा पुढे धरला, तेव्हा एवढ्या दुखण्यातही आक्का म्हणाली, “बुवा, पाय माझा मोडलाय, तुमी का कण्हताय?”

आक्काचा पाय बरा झाला, पण थोडी लंगड राहिली. ओट्यावर पुन्हा बायका बसायला लागल्या. गावात नवी सून आली की तिला पहिल्याच आठवड्यात आक्काकडे पाठवायचे आणि तिच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायचे. हौसाच्या घरून पुन्हा वाटी येऊ लागली. रस्सा खारट असायचा. हौसाचा हातच तसा झाला होता. आक्का तो शेवटच्या थेंबापर्यंत खायची आणि कधी काही बोलायची नाही. एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात तोंडावर बोलून दाखवली नाही.

तात्पर्य, म्हणजे मुलांनो, या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते एवढंच: घराची राखण जरूर करा, पण मनात संशय आला तर दार लावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. न विचारता लावलेल्या दारामागे चोर नव्हे, आपणच अडकून पडतो.