रोज्याला नेलेली खिचडी

एका गावात एक कुंभारीण राहत होती. ती इतकी भित्री, की पाल चुकचुकली तरी ती अंगणात पळायची.

ओढ्याच्या अलीकडे तिची आळी आणि पलीकडे मुसलमानांची. त्या वर्षी जत्रेतल्या कुस्तीवरून दोन्ही आळ्यांत मारामारी झाली, येणंजाणं तुटलं. "पलीकडे लाठ्या जमवताहेत," असं कोणीतरी म्हणालं. लाठ्या कोणी पाहिल्या नव्हत्या, पण दारं दिवसाही बंद राहू लागली. अशातच रमजान लागला.

एके दुपारी कुंभार कोयत्याला धार लावत बसला. "आज दिवस मावळला की आम्हीच जाणार," तो म्हणाला. "ते येईपर्यंत वाट कशाला बघायची?"

कुंभारीण घाबरली. नवरा जिवंत परत येईल का? आणि आला, तर कोणाला मारून येईल? तिला काही सुचेना. शेवटी तिने साबुदाण्याची खिचडी केली, डबा पदराखाली घेतला आणि मागच्या दाराने निघाली.

पलीकडची आळी सामसूम होती. ती पुढे जाईल तशी एकेक खिडकी बंद होत होती. पळून जावंसं वाटत होतं, पण ती चालत राहिली. पहिल्याच दारापाशी थांबून ती कशीबशी ओरडली, "रमजान मुबारक हो! तुमचे रोजे सुखाचे जावोत!"

 आतून कडी निघाली. दारात एक म्हातारी मुसळ उगारून उभी होती.

"एकटीच आलीस?"

"हो, चाची. तुमचा उपास, म्हणून गरम खिचडी आणलीय. खाऊन घ्या."

म्हातारी बघतच राहिली. "अगं, आमच्या उपासाला दिवसा पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही!"

कुंभारणीने जीभ चावली. "चुकलं माझं. आमच्यात उपासाला हीच करतात."

म्हातारीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. "आम्हाला वाटलं, तुम्ही मारायला येताय. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, पोरी."

कुंभारणीला खोटं बोलवेना. "आज संध्याकाळी येणार आहेत," ती म्हणाली. आत खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने, म्हातारीच्या नवऱ्याने, ते ऐकलं.

डबा म्हातारीकडेच ठेवून कुंभारीण घरी परतली. दिवस मावळला. कुंभाराच्या अंगणात पंधरा-वीस माणसं लाठ्या घेऊन जमली. तेवढ्यात ओढा ओलांडून तो म्हातारा एकटाच येताना दिसला. कुंभारणीने भीतीने डोळे मिटून घेतले.

म्हातारा कुंभारासमोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ सुकले होते. "तुझ्या बायकोने आम्हाला मुबारक म्हटलं. आता रोजा सोडायची वेळ झालीय, बाबा. घोटभर पाणी देतोस?"

कुंभाराने म्हाताऱ्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग त्याने कोयता खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी मडकं उचललं.

तात्पर्य: आपण ज्याला घाबरतो, तोही दाराआड आपल्यालाच घाबरून बसलेला असतो; मनापासून दिलेल्या शुभेच्छांची रीत चुकली तरी ते दार उघडतं.