थोरल्यांची खिंड

त्या माळावर थोरांना नाव नव्हतं.

तसं जन्मताना प्रत्येक लांडग्याला नाव मिळायचं. आई पिल्लाला चाटून कोरडं करायची आणि त्याच्या कानात एक छोटासा शब्द सोडायची. छोटासाच, कारण शिकारीत लांबलचक नावं घ्यायला कुणाला वेळ नसतो. गव्याचं शिंग वळतं तेव्हा "ठिकरी, डावीकडे!" एवढंच ओरडता येतं, आणि ठिकरी डावीकडे उडी मारते म्हणून संध्याकाळी ठिकरी जिवंत असते. आई, बाप, मावशी असल्या हाका तिथं नव्हत्याच. कळपात आया पुष्कळ. 'आई' म्हटल्यावर कुठल्या आईनं उडी मारायची? म्हणून पिल्लंही आईला नावानंच बोलवत, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नसे.

पुढे तोंडाभोवतीचे केस पांढरे व्हायला लागले की नाव पुरत. खड्डा खणायचा, त्यात एक हाड टाकायचं, ते नाव शेवटचं उच्चारायचं आणि वर माती लोटायची. त्या दिवसापासून तो लांडगा 'थोरले'. नर असो, मादी असो, शहाणा असो की ठार मूर्ख, सगळे थोरले. त्यासाठी दुसरं काही करून दाखवावं लागत नसे. केस आपले आपण पिकतात.

थोरल्यांना हाक मारायचीही रीत होती. मान खाली, शेपूट पायांत, नजर जमिनीवर, आवाज मऊ. अशी हाक आली की तिथं जितके थोरले असतील तितक्यांनी हाक मारणाऱ्याकडे तोंड वळवून ती स्वीकारायची. कुणाला उद्देशून आहे हे विचारणं कमीपणाचं. जो वळणार नाही त्याच्या वाट्याचा मान बाकीच्यांत वाटला जाई. त्यामुळे सगळे वळत, आणि एकमेकांच्या आधी वळायला बघत. वयोमानानं थोरल्यांना खुरांचा आवाज उशिरा ऐकू येई, पण ही हाक मात्र कितीही हळू मारली तरी एकाच्याही कानातून सुटत नसे.

आणि एखाद्या पोरानं पुरलेलं नाव उकरलंच, तर शिक्षाही ठरलेली. पहिल्यांदा डावा कान, दुसऱ्यांदा उजवा, तिसऱ्यांदा गळा. ज्याचं नाव घेतलं त्यानंच फाडायचं. तिथं दुसऱ्याचा दात चालत नसे. थोरले याला संस्कार म्हणत.

शिकारीची पद्धत अशी होती की पोरांनी गव्यांचा कळप उन्हातून, काट्यांतून हाकत आणायचा आणि थोरल्यांनी खिंडीच्या तोंडाशी उभं राहायचं. दमलेला, जिभा बाहेर आलेला कळप त्यांच्यापुढे यायचा. पहिला घास त्यांचा. त्यांच्या पाठीमागे कड्यावर एक पोर टेहळणीला बसवत, कारण धुळीत थोरल्यांना दिसत नसे आणि आपल्याला दिसत नाही हे ते कधी कबूल करत नसत.

त्या दिवशी कड्यावर ठिकरीचा भाऊ डोमा होता. धुळीतून गव्यांतला एक बैल फुटला आणि सरळ खिंडीकडे सुटला. डोमा जीव खाऊन ओरडला, "थोरले, सरका!"

थोरले वळले. सगळेच. पाठ गव्याकडे आणि तोंडं डोमाकडे. बैलाचं शिंग एका थोरल्याच्या पाठीतून शिरलं ते पोटातून निघालं, आणि बैल त्याला तसाच शिंगावर घेऊन खिंडीतून पार झाला. आतडी दगडादगडावर सांडत गेली.

त्या आतड्यांची वाफ निवायच्या आत पंचायत बसली. मधोमध बसला होता फाटक्या ओठाचा थोरला. त्याचं नाव पुरल्याला इतके पावसाळे लोटले होते की बहुतेक त्यालाही ते आठवत नसावं.

"हाक ऐकली मी," तो म्हणाला. "पोराची मान वर होती."

"आवाजही चढला होता," दुसरा म्हणाला.

"आणि 'सरका' म्हणाला. थोरल्यांना 'सरका' म्हणतात का रे?"

"शिंग येत होतं," डोमा म्हणाला.

"शिंगं येतात नि जातात. तोंड कसं उघडावं हे तुला कुणी शिकवलंय की नाही?"

त्यानं नाव घेतलं नव्हतं, म्हणून कान वाचला. थोरल्यांनी नुसता त्याचा पुढचा पाय मोडला. हाड मोडल्याचा आवाज ठिकरीनं ऐकला. वाळकी फांदी पायाखाली यावी तसा. नंतर मेलेल्या थोरल्यासाठी सगळ्यांना रडायला लावलं. पोरं रडली. कुणासाठी रडतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाव माहीत नव्हतं ना.

"त्याचं नाव ओरडलं असतं तर तो एकटाच उडाला असता," ठिकरी आपल्या आईला म्हणाली.

तिच्या आईचं नाव कुसळ. सगळ्या माळावर तिच्याइतकं झपकन वळणारं कुणी नव्हतं. पण तिच्या हनुवटीवर आता दोन-चार पांढरे केस दिसायला लागले होते.

"जीभ आवर," कुसळ म्हणाली. "आणि माझी पाळी जवळ आलीय. तेव्हा आतापासूनच सवय कर."

"कसली?"

"उद्या-परवा मलाही थोरले म्हणावं लागेल."

"आणि मग तू कोण होणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"मग नावानं काय घोडं मारलंय?"

कुसळ आपला पंजा चाटू लागली. "जन्मभर पळाले गं मी," ती म्हणाली. "काटे काढून काढून पाय चाळण झालेत. आता मला खिंडीत उभं राहायचंय. कुणी मान खाली घालून माझ्यापुढे यावं, एवढं तरी मागू की नको?"

कुसळचे पाय ठिकरीनं पाहिले होते.

नाव पुरलं त्या दिवशी फाटक्या ओठाच्या थोरल्यानं जांभई देता देता "कुसळ" असं उच्चारलं आणि मागच्या पायांनी माती लोटली. मग एकेक पोर पुढे आलं. ठिकरीनं मान खाली घातली, शेपूट पायांत घेतली आणि आपल्याच आईला म्हणाली, "थोरले." तिथं बसलेले सगळेच्या सगळे तिच्याकडे वळले. आईही वळली, पण त्या पांढऱ्या तोंडांच्या गर्दीत ती नेमकी कुठली हे ठिकरीला एक क्षण शोधावं लागलं.

पुढच्याच शिकारीत ती वेळ आली. कुसळ खिंडीच्या तोंडाशी नवी नवी उभी होती, छाती काढून. ठिकरी कळपाच्या बाजूनं पळत होती. मोठा बैल मान खाली घालून कुसळवर निघाला आणि कुसळ भलतीकडेच बघत होती. ठिकरीनं विचार केलाच नाही. विचार करायला मध्ये जागाच नव्हती.

"कुसळ! डावीकडे!"

एकच लांडगी उडाली. बैलाचं कपाळ पूर्ण वेगानं कड्यावर आपटलं, शिंग मुळापासून तुटलं आणि तो गुडघ्यांवर बसला. सगळे लांडगे त्याच्यावर तुटून पडले. इतकं मांस माळानं दोन हिवाळ्यांत पाहिलं नव्हतं. पण पहिला घास घ्यायच्या आधी फाटक्या ओठाचा थोरला मढ्यावर चढून उभा राहिला.

"आधी कान," तो म्हणाला.

"मी ओरडले नसते तर इथं गवा पडला नसता," ठिकरी म्हणाली. "ती पडली असती."

"ती नाही. त्या."

"बरं. त्या पडल्या असत्या! फरक पडला असता का त्यांना?"

पोरांतून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. कुसळ पुढे झाली. "थोरले, पोरीनं जीव वाचवलाय माझा."

"म्हणून तर कान फाडायला तुमच्याकडे दात शिल्लक आहेत," फाटक्या ओठाचा म्हणाला. "उरका. मांस गार होतंय."

कुसळनं उरकलं. तिनं हळू फाडायचा प्रयत्न केला आणि म्हणून ते जास्त दुखलं. नंतर सगळे जेवले. ठिकरीचं रक्त आणि गव्याचं रक्त एकाच धुळीत कालवलं गेलं.

दुसरा कान गेला तो तर अगदी फुकट गेला. दुपारची वेळ होती, शिकार नव्हती, शिंग नव्हतं. कुसळ दगडाच्या सावलीत झोपली होती आणि ठिकरी तिच्या पोटाला टेकून पडली होती, लहानपणी पडायची तशी. सहज, अगदी ओठांतल्या ओठांत ती म्हणाली, "कुसळ." झोपेतच आईचा कान हलला. ठिकरीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा हलला. कुसळनं डोळे उघडले तेव्हा तिच्या तोंडावर असं काही होतं की ती पुन्हा काटे तुडवत पळायला निघेल असं वाटावं.

"परत म्हण," ती पुटपुटली.

दगडामागे फाटक्या ओठाचा थोरला पडला होता. वर सांगितलंच आहे, खुरांचा आवाज त्याला उशिरा ऐकू येई; हे मात्र लगेच ऐकू आलं.

"परत म्हण असं तुम्ही म्हणालात!" उजवा कान सोलला गेल्यावर ठिकरी किंचाळली. "तुम्ही स्वतः म्हणालात! सांगा ना त्यांना!"

कुसळनं सांगितलं नाही. थोरले पांगल्यावर ती जवळ आली, पण चाटायला तिची जीभ पुढे झाली नाही.

"आता पुन्हा घेऊ नकोस," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला मला गळा धरावा लागेल."

"नका धरू."

"रीत आहे, ठिकरी."

"रीतीला कुठेत दात? दात तुमचे आहेत."

कुसळनं जिभेनं दातांवरचं रक्त पुसलं आणि ती थोरल्यांत जाऊन बसली.

तेव्हापासून ठिकरी सुधारली. सगळा माळ तसं म्हणू लागला. कानांच्या जागी दोन वाळलेली खपली धरलेली भोकं घेऊन ती रोज सकाळी थोरल्यांपुढे जाई. मान अशी खाली की नाक मातीला लागावं, शेपूट अशी आत की दिसूच नये. तिच्यासारखी हाक दुसऱ्या कुणाला जमत नसे. फाटक्या ओठाचा थोरला इतर पोरांना तिच्यापुढे उभं करी. "बघा. याला म्हणतात वळण. कान गेले, पण पोरगी हाताशी आली."

"तू चांगलीच शिकलीस की गं," तीन पायांवर लंगडत डोमा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुसळासारखं टोचणारं काहीतरी होतं.

"शिकवलंयच तसं," ठिकरी म्हणाली.

इतकी शहाणी पोर टेहळणीलाच शोभते, म्हणून तिला कड्यावर बसवलं.

पानगळीच्या शिकारीला खाली खिंडीत सगळे थोरले ओळीनं उभे होते. फाटक्या ओठाचा मधोमध, त्याला लागून कुसळ. तिचं तोंड आता पुरतं पांढरं झालं होतं. समोरच्या माळावर धूळ उठली, ती वाढत वाढत आली आणि ठिकरीला वरून स्पष्ट दिसलं की हा रोजचा दमलेला कळप नाही. पोरांची फळी मधेच फुटली होती. डोमा आणि आणखी दोघे मागे धुळीत तुडवले जाऊन पडले होते. गवे बिथरले होते, पुढे माजलेले नर होते, आणि सगळे एका जथ्यानं खिंडीकडे सुटले होते. थोरले डोळे बारीक करून धुळीकडे बघत होते. त्यांना अजून काहीच दिसलं नव्हतं.

एका नावापुरता वेळ होता.

ते नाव ठिकरीच्या घशात आलंही. ते ओरडलं असतं तर ओळीतली एकच लांडगी बाजूच्या कपारीवर उडाली असती, आणि धूळ खाली बसल्यावर तीच लांडगी कडा चढून वर आली असती. ती आपल्या गळ्याला दात लावणार नाही असं ठिकरीला स्वतःला सांगून बघायचं होतं. तिनं आईचे पाय आठवले, दुपारची सावली आठवली, "परत म्हण" आठवलं. मग दातांवरून फिरलेली ती जीभ आठवली.

ठिकरीनं मान खाली घातली. शेपूट पायांत घेतली. नजर जमिनीला लावली. आणि जन्मभर जशी शिकवली होती तशी, अगदी मऊ, अगदी अदबीची हाक तिनं मारली.

"थोरले."

खिंडीत सगळे वळले. एकमेकांना ढकलत, घाईघाईनं. सगळ्यांत आधी कुसळ वळली. ती सगळी पांढरी तोंडं मान उंचावून कड्याकडे बघत राहिली, समाधानानं डोळे अर्धे मिटलेले, आणि त्यांच्या पाठीमागच्या धुळीतून शिंगं बाहेर येत होती. हाक झेलायला सगळ्यांचे कान ताठ उभे होते. एकाचाही फाटलेला नव्हता.