पीठ मागणारी बाई

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या पणजीच्या पणजीनेही ती पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती.

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं. राज्य म्हणायचं आपलं! एका टोकाला कोंबडा आरवला की दुसऱ्या टोकाची माणसं जागी होत. उतारावर नाचणी पिकायची आणि खाणीतून काळा दगड निघायचा. पुरुष त्या दगडाची जाती घडवत आणि बायका पहाटे उठून त्यांवर दळत.

या लोकांची एक रीत होती. शेजाऱ्याला दूध द्यावं, भाजी द्यावी, धान्य तर पायलीपायलीने द्यावं. पण पीठ कधी देऊ नये. पीठ देणं म्हणजे ‘तुझ्या घरी जातं नाही’ असं तोंडावर म्हणणं. याहून मोठा अपमान त्या राज्यात नव्हता. प्रवासाला निघालेला माणूससुद्धा एक लहानसं जातं बैलावर लादून बरोबर नेत असे. आता बोला!

डोंगराखाली मोठा सपाट मुलूख होता. तिथे दोन सख्खे भाऊ गादीसाठी सात वर्षं लढत होते. लढत होते भाऊ आणि मरत होते लोक. शेतं जळाली, विहिरी बुजल्या. राजधानीला वेढा पडला. पुढे तो उठला आणि लढाई दूरच्या परगण्यात सरकली, पण मागे राजधानीत खायला दाणा उरला नाही.

ही बातमी ऐकून छोट्या राज्याच्या राजाने सभा बोलावली. कारभारी म्हणाला, “महाराज, त्यांची भूक केवढी आणि आपली कोठारं केवढी! आपण देऊन देऊन किती देणार?”

तेव्हा हौसा उठली. ही एका पाथरवटाची विधवा. जिभेची तिखट, पण मनाची उदार. “सगळ्यांचं पोट भरा असं कोण म्हणतंय?” ती म्हणाली. “दर घरानं दळायला बसताना एक मूठ बाजूला काढावी. चार पोरं तरी जगतील.”

तसं ठरलं. महिन्याभरात चाळीस बैलांचं ओझं जमलं. पोती शिवताना हौसाच्या शेजारची नवी सून हळूच म्हणाली, “आक्का, दळूनच का नाही पाठवत?” ती परमुलखातून आलेली, तिला इथली रीत कुठून ठाऊक असणार? सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली हौसा. “अगं, आधीच उपाशी आहेत ते. वर त्यांचा पाणउतारा कशाला करायचा?” पोर बिचारी खाली मान घालून पोती शिवत राहिली.

तांडा घेऊन हौसाच निघाली. सोबत केरबा नावाचा म्हातारा बैलकरी होता. वाटेत दोन्ही भावांच्या चौक्या लागल्या. शिपाई विचारत, “हे धान्य कुणाच्या बाजूचं?” हौसा म्हणे, “ज्यांच्या हातात तलवार नाही, त्यांच्या बाजूचं.” शिपाई वरमून वाट देत.

शहरात पोती वाटली गेली. लोकांनी हात जोडले, डोळे पुसले. हौसाला कृतार्थ वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती जागी झाली आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. एवढं मोठं शहर, पण कुठूनच जात्याची घरघर येत नव्हती. चुलीचा धूरही क्वचितच एखाद्या घरातून निघत होता.

केरबा फणकारला, “गव्हाची माणसं ही! आपली काळी नाचणी यांच्या घशाखाली कशी उतरेल?”

हौसालाही राग आला. आमच्या लेकरांच्या तोंडातला घास काढून आणला, आणि यांना नखरे सुचतात? ती तरातरा समोरच्या घरात शिरली.

आत एक म्हातारी बसली होती. पोतं कोपऱ्यात होतं, त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. म्हातारी उंबऱ्याच्या दगडावर गोट्याने मूठभर नाचणी रगडत होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती. मांडीवर वर्षाचं लेकरू होतं. ते रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं.

“आजी, जातं कुठाय तुमचं?” हौसाने विचारलं.

“खंदकात,” म्हातारी म्हणाली. “तटावरचे दगडगोटे संपले, तेव्हा सेनापतीनं घरोघरची जाती वर नेली आणि शत्रूच्या डोक्यात घातली. शहरात एक राहिलं नाही, बाई. शिजवून पाहिली मी नाचणी. मला गिळवली, पण लेकराच्या पोटाला सोसली नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“एवढ्या मायेनं आणलंत तुम्ही. कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि विचारलं तरी कुणी?”

हौसाला ती शेजारची सून आठवली. आपलं ते हसणं आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

ती बाहेर धावली आणि बैलावरून आपलं लहानसं जातं उतरवून आणलं. तिच्या आईने लग्नात दिलेलं, घरातलं एकुलतं एक जातं होतं ते. तरीही म्हातारीला आयतं पीठ देणं काही तिच्याने होईना. ती म्हणाली, “आजी, समोर बसा. खुंट्याला तुमचाही हात लागू दे.”

दोघींनी मिळून दळलं. त्या पिठाची आंबील लेकराने घोट घोट घेतली. वाटी संपली तेव्हा ते रडलं, आणखी हवी म्हणून. म्हातारीही रडली. हौसाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

हौसाने केरबाला तसंच माघारी पाठवलं. राजाने विचारलं, “का रे, धान्य कमी पडलं?”

“नाही महाराज,” केरबा म्हणाला, “विचारपूस कमी पडली. आता पोती नकोत, पाथरवट द्या.”

राज्यातले झाडून सारे पाथरवट हातोडा-छिन्नी घेऊन खाली उतरले. खंदकात कुणाच्या जात्याचा वरचा दगड फुटला होता, कुणाचा खालचा. त्यांनी एका घरचा वरचा दगड दुसऱ्या घरच्या खालच्यावर बसवला, टाकी लावून दगड पुन्हा खरबरीत केले, नवे खुंटे ठोकले. ते होईपर्यंत हौसाचं जातं दारोदार फिरत होतं.

युद्ध काही त्यामुळे थांबलं नाही. ते आणखी दोन वर्षं चाललं. पण त्या शहरात भुकेने पुन्हा लेकरू दगावलं नाही.

पाथरवटांचं काम खाली चालू असतानाच हौसा परतली, ती आपलं जातं म्हातारीकडे ठेवून. घरी आली तर जात्याची जागा मोकळी, आणि नवं घडवून द्यायला गावात एक पाथरवट नाही. मग ती दळायला नाचणी न घेता, रिकामी परात घेऊन शेजारच्या दारात उभी राहिली.

“सूनबाई,” ती म्हणाली, “तुझं खरं होतं. मी उगीच हसले. माझ्याकडे जातं नाही गं. थोडं पीठ देतेस?”

त्या राज्यात पीठ मागणारी ती पहिली बाई.

सून जात्याशीच बसली होती. ती हसली नाही. परात पिठाने भरून तिने हौसाच्या हातात दिली, आणि मग जरा सरकून म्हणाली, “बसा ना आक्का, समोर.”

तेव्हापासून त्या राज्यात पीठ देण्यात आणि घेण्यात कुणी कमीपणा मानत नाही. आणि परमुलखात काही पाठवायचं झालं, तर आधी एक माणूस रिकाम्या हाताने जातो आणि तिथल्या चुलीपाशी बसून विचारून येतो.

बोध एवढाच: आपल्या मानाला शोभेल ते देऊ नये, घेणाऱ्याच्या गरजेला लागेल ते त्याला विचारून द्यावं.