हलणारा कठडा

फार पूर्वी, घोड्यांच्या शेपट्यांनाही रेशमी गोंडे बांधत त्या काळी, एका राज्यात एक अजब रीत होती. प्रत्येक शिलेदाराने एका थोर घरच्या बाईला मनोमन देवी मानायचे, तिच्यासाठी पराक्रम करायचे आणि परत येऊन तिच्या सज्ज्याखाली गुडघा टेकायचा. वर चढायचे नाही, उलट विचारायचे नाही. बाईने वरून एकच वाक्य बोलायचे, तीच आज्ञा. सज्जा म्हणजे जणू देऊळ. शिलेदाराच्या शब्दाशिवाय तिथे खिळाही ठोकायचा नाही.

एका गढीच्या धनिणीच्या वाट्याला असाच एक शिलेदार आला. सुरुवातीला तिलाही गंमत वाटली. कुणाला वाटणार नाही? पण नटून तासन्‌तास उभे राहायचे, म्हणता म्हणता तिचे पाय भरून येऊ लागले. त्यातच सज्ज्याचा लाकडी कठडा वाळवीने पोखरला.

शिलेदार आला तेव्हा ती म्हणाली, "हा कठडा हलतो आहे."

त्याने डोळे मिटले. "समजलो, देवी! आपले मन डळमळते आहे. माझ्या निष्ठेची परीक्षा हवी!" आणि तो वाघ मारायला निघून गेला. यथावकाश वाघाचे कातडे आले. कठडा तसाच.

पुढच्या खेपेला वेणी घालताना दासी म्हणाली, "आज तरी उलगडून सांगा, बाईसाहेब."

"अगं, आणखी काय उलगडू?" धनीण थकून म्हणाली. पण सज्ज्यात जाऊन तिने स्पष्ट सांगितले, "लाकडाला वाळवी लागली आहे, सुतार पाठवा."

शिलेदाराच्या डोळ्यांत पाणी आले. "विरहाची वाळवी! आणि सुतार म्हणजे तो, हे विश्व घडवणारा!" तो तडक तीर्थयात्रेला गेला आणि येताना गंगाजल घेऊन आला.

"गंगाजलाने वाळवी मरते का गं?" धनिणीने विचारले.

"मरत नाही, बाईसाहेब. पुण्यवान होते."

त्यानंतर शिलेदार आला तेव्हा धनिणीला बोलायचेही त्राण नव्हते. तिने कठड्यावर नुसता हात टेकला, आणि कठडा कडकड करत खाली कोसळला. दासीने मागून पदर धरला म्हणून ती वाचली. खाली शिलेदाराने अंगावरची धूळ झटकली, तुटलेला एक गज कपाळाला लावला, "देवीचा प्रसाद!" म्हणत शिरस्त्राणात खोवला आणि घोड्यावर बसून गेला. वर त्याने पाहिलेसुद्धा नाही.

धनीण उंबऱ्यावर बसून राहिली. तिला हसू आले नाही, रडूही आले नाही.

"मी पडले असते तर गं?"

"तर त्यांनी समाधी बांधली असती. संगमरवरी. कठड्यासकट."

धनिणीने कानांतले जड झुबे काढून ठेवले. "गवंड्याला बोलव. सज्ज्याचे दार बुजवायचे."

"आणि रीत?"

"तिलाही वाळवीच लागली आहे."

वर्षभराने शिलेदार आला. वर कोरी भिंत होती. तो गुडघा टेकून, डोळे मिटून आज्ञेची वाट पाहत राहिला. मागच्या अंगणात धनीण पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती. भिंत काहीच बोलली नाही.

"अहाहा, काय हे गूढ मौन!" असे म्हणून शिलेदार समाधानाने निघून गेला.

तात्पर्य इतकेच: आपल्या माणसाने कठडा हलतो म्हटले, की आधी कठडा बघावा.