हौसा कासारीण आणि महाराजांचा माऊस

किरवंडीचे महाराज चंडप्रताप कॉम्प्युटरवरच्या लढाईत सलग एकोणीस वेळा हरले, आणि विसाव्यांदा हरल्यावर त्यांनी माऊस सांभाळणाऱ्या बाळोजीला तळघरात टाकलं.

"हा पुसायच्या निमित्तानं माऊसचा वेग बदलून ठेवतो," महाराज म्हणाले. "नाहीतर शेजारचा तो राजा, ज्याला स्वतःची तलवार म्यानातून काढता येत नाही, तो आम्हाला हरवतो कसा?"

दुसऱ्या दिवशी बाळोजीची बायको हौसा दरबारात आली. ती कासारीण. वीस वर्षं घरोघर बांगड्या भरत होती. बांगड्यांची पेटी खाली ठेवून ती म्हणाली, "महाराज, माझ्या नवऱ्याला सोडा. त्यानं माऊस बिघडवलेला नाही."

"मग कुणी बिघडवला?"

दरबारानं माना खाली घातल्या. कुणी ते सगळ्यांना ठाऊक होतं. महाराजांच्या मांडीवर रव्याच्या लाडवांचं ताट होतं.

"ते माऊस बघून सांगते," हौसा म्हणाली.

"सांगू नकोस, नवा निवडून दे," महाराज म्हणाले. "माझ्या हाताला नीट बसला पाहिजे. पण हाताचं माप घ्यायचं नाही. राजाच्या हाताला परका हात लागत नसतो. पुढं वर्षभर तो नव्यासारखा चालला पाहिजे, आणि एकदा माझ्याकडं आला की दुसऱ्या कुणी त्याला शिवायचं नाही. पुसायलासुद्धा नाही. आणि मला 'असं करा, तसं करू नका' म्हणालीस, तर नवऱ्याशेजारी तुझीही जागा करतो. जमलं तर तो सुटला."

प्रधान त्र्यंबकपंतांनी माऊसांची परातच पुढं ठेवली. सर्वांत वर एक दांडगा माऊस होता, अकरा बटणांचा, सात रंगांत लुकलुकणारा. "महाराजांना शोभेल असा हाच," पंत म्हणाले.

"शोभेल हो," हौसा म्हणाली. "पण आधी जुना दाखवा."

जुना आला. तोही असाच दांडगा. तिनं तो उलटा केला. खालच्या पट्ट्यांवर तुपाचा थर, त्याला धूळ चिकटलेली, आणि जिथून उजेड पडतो त्या भोकात रव्याचा एक कण घट्ट बसलेला. मग तिनं तो सुलटा केला आणि उजेडात धरून बराच वेळ पाहिला. तुपाचे डाग बटणांच्या मध्यापर्यंत येऊन थांबले होते. त्यापुढचा भाग कोरा करकरीत होता. बोटं तिथवर कधी पोचलीच नव्हती!

हौसाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. हात लहान आणि हौस मोठ्या मापाची, अशा बायका तिनं गावोगाव पाहिल्या होत्या. तिनं परातीच्या तळातून एक लहानसा, हलका, दोन बटणांचा आणि एका चाकाचा माऊस काढला. पेटीतला करंडा उघडला, बोट ओलं करून, बटणांच्या फटीपासून दूर, माऊसच्या पाठीवर हळदकुंकू लावलं. तो पाटावर ठेवून नमस्कार केला.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"खंडेनवमीला तलवारीला लावतात ना? तुमचं तर हेच रोजचं शस्त्र."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. मग त्यांचं लक्ष मापाकडं गेलं. "एवढासा? म्हणजे माझा हात लहान आहे, असं म्हणतेस?"

पंतांनी डोळे मिटून घेतले.

"हाताचं माप मी घेतलंच नाही महाराज, त्याला बंदी आहे. मी जुना माऊस पाहिला. तो भलताच मोठा होता, एवढंच कळलं."

महाराजांनी लहान माऊस हातात घेतला. तो तळव्यात असा बसला, की जणू त्यांच्यासाठीच घडवला होता. लढाई सुरू झाली. आजवर त्यांच्या बाणांनी ढगच घायाळ व्हायचे. आज पहिल्याच फेरीत शत्रूचे सात गडी पडले! महाराजांनी खुशीत एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला आणि तोच हात माऊसकडं नेला.

हात मध्येच थांबला.

खाली कुंकू. वर खरकटी बोटं, तुपानं चकाकणारी. महाराजांनी दरबाराकडं पाहिलं. सगळा दरबार छताकडं पाहत होता.

"पाणी आणा," महाराज हळूच म्हणाले. त्यांनी हात धुतले, कोरडे पुसले, पुन्हा एकदा पुसले आणि मगच खेळायला बसले.

पंतांना चेव आला. "मग रोज दुधाचा अभिषेक करू या."

"पंत, तलवारीला कुणी न्हाऊ घालतं का? गंजेल ती. कोरडं फडकं बस्स."

"पण ते फडकं फिरवायचं कुणी?" महाराज म्हणाले. "दुसऱ्यानं शिवायचं नाही, ही माझी अट आहे. सांग, माझ्या शस्त्रावरची धूळ कोण काढणार?"

"तुमच्या शस्त्राची पूजा कुणी करायची, हे मी कसं सांगू महाराज? 'असं करा' म्हटलं की मी तळघरात."

 महाराज असे खदखदून हसले, की मांडीवरचं ताट खाली गेलं आणि लाडू गडगडत पंतांच्या पायाशी थांबले. "कासारणी, मला काही न सांगता तू मला कामाला लावलंस की! आता हा वर्षभर नव्यासारखाच राहणार."

हौसाला साडीचोळी मिळाली आणि राणीवशात बांगड्या भरायचा कायमचा मान. बाळोजीला तळघरातून वर आणलं. तो डोळे चोळत, घाबरत म्हणाला, "महाराज, उद्यापासून कामावर येऊ?"

"नको," महाराज फडक्यानं माऊस पुसत म्हणाले. "ते काम आता आमच्याकडं आहे."

नोकरी गेल्याचा एवढा आनंद किरवंडीत त्याआधी कुणाला झाला नव्हता.