शेवटच्या भिंतीपर्यंत

तारांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट.

मथुराताईंना ऐकू येत नसे. यजमान गेल्यावर हातांच्या खुणांनी बोलणारी एक बहीणच उरली, तीही सात समुद्रांपलीकडे. पडद्यावर तिचा चेहरा दिसे, पण बोटं पुसट होत.

म्हातारी तांब्याची तार शरमून जाई. समुद्राखालून प्रकाश घेऊन आलेला काचेचा धागा फाटकावरच्या पेटीतच थांबला होता. तिथून खोलीपर्यंतचं ओझं तिच्यावर होतं, आणि ते तिला पेलत नसे.

"बाळा, आत ये की."

"फाटक आलं म्हणजे घर आलं, आजी."

टेबलाच्या खणातलं इंटरनेट जोडणीचं करारपत्र खाकरलं. "काच ग्राहकाच्या जागेपर्यंत, असं माझ्यात लिहिलंय. जागा म्हणजे बाईंच्या खोलीची भिंत. मधे तांबं चालणार नाही. पण मला वाचतंय कोण?"

"तू येतेस त्या नळीत दोघांना जागा नाही," धागा हळूच म्हणाला.

तारेनं पेटीतलं आपलं टोक सोडवलं. "मग माझ्या टोकाला स्वतःला बांधून घे."

ती नळीतून सरकत खोलीत बाहेर पडली आणि तिच्यामागून धागा आत आला. जमिनीवर वेटोळं होऊन पडल्यावर, जन्मभर वाहिलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पडद्यावर दहा बोटं होती, नखांवरच्या मेंदीसकट.

मथुराताईंचे हात उत्तर द्यायला उठले.