डॉक्टर तेंडोलकरांचा निर्जंतुक समुद्र

"मग मासे का मरतात, बाई?"

डॉक्टर तेंडोलकरांनी विचारलं. परुळेकर बाई माशांच्या रिकाम्या टाकीसमोर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. वेंगुर्ल्याहून एसटीने आलेल्या, खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

"पाणी बघा तरी. इतकं स्वच्छ पाणी कोल्हापुरात कुणाच्या घरी प्यायलासुद्धा नसेल!"

"ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर काळजी वाटते."

डॉक्टरांना हे काही आवडलं नाही.

डॉक्टर उल्हास तेंडोलकर म्हणजे कोल्हापुरातले नावाजलेले दातांचे डॉक्टर. दवाखान्यात खाली सांडलेला शिरा उचलून खावा इतकी स्वच्छता. माणूस हुशार, हौशी, आणि आपल्याला सगळं जमतं याबद्दल मनात तिळभर शंका नसलेला. बंगला बांधायला घेतला तेव्हा त्यांनी आधी टाकी ठरवली आणि मग तिच्याभोवती घर बसवलं म्हणा ना! आठ फुटी टाकी, तीही खाऱ्या पाण्याची. जन्म वेंगुर्ल्याचा, राहणं घाटावर. मग घरात समुद्र नको का?

इंजिनिअरला हॉलच्या फरशीखाली जादा बीम घालायला लावला, तेव्हा त्याने विचारलं होतं, "डॉक्टर, वर हत्ती बांधताय काय?" जिन्याखाली पंप आणि गाळण्या. पाणी थंड ठेवायला वेगळं यंत्र. वीज गेली तर बॅटरी. मीठ परदेशातून आलेलं, आणि ते ज्या पाण्यात विरघळवायचं तेही आधी घरच्या यंत्रातून गाळून घेतलेलं. कशात म्हणून काही कमी नाही.

पण मासे काही जगेनात. पहिली खेप गेली. दुसरीही गेली.

दुसऱ्या खेपेत एक पिवळाधमक मासा होता. डॉक्टरांच्या बायकोने, मृणालने, त्याचं नाव बंड्या ठेवलं होतं. ती काचेशी जाऊन उभी राहिली की तो धावत यायचा. बंड्या मेला त्या दिवशी ती जेवली नाही. पेरूच्या झाडाखाली त्याला पुरून आली, हात धुतले आणि म्हणाली, "अहो, आता यात एक जरी मासा मेला ना, तर मी टाकी काढून तिथं पुस्तकांचं कपाट करून घेणार. हौसेपायी माझ्या घरात कुणी मरायचं नाही."

बायकोचा हा आवाज डॉक्टरांनी आधी एकदाच ऐकला होता. तेव्हा त्यांची सिगारेट सुटली होती.

त्यात रविवारी वास्तुशांत. राहायला येऊन सहा महिने झाले होते, पण टाकीत मासे फिरायला लागल्याशिवाय घर पुरं झालं असं म्हणायचं नाही, हा डॉक्टरांचाच हट्ट. नवी खेप शुक्रवारी मुंबईहून यायची होती. ही जगली नाही तर टाकी गेलीच. तेव्हा मग डॉक्टरांना बाई आठवल्या. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलेल्या, आता निवृत्त. त्यांच्या ओटीवर सिमेंटच्या साध्या टाकीत समुद्राचे मासे वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते.

"दगड कुठून आणलेस?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांची कळी खुलली. "उत्तम विचारलंत! दुकानदाराच्या जुन्या टाकीतले आहेत. दहा वर्षं पाण्यात होते. सगळीकडून भोकं भोकं. महाग पडले, पण म्हटलं घ्यायचं तर चांगलंच घ्यायचं."

"मग इतके पांढरे कसे?"

"आले तेव्हा काळेहिरवे होते हो! चिखलाचा वास येत होता. भोकांतून किडे डोकावत होते. शी! मी सगळे..."

डॉक्टर थांबले. बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी व्हायला लागलं होतं.

"सगळे काय?"

"ऑटोक्लेव्हमधून काढले."

"कशामधून?"

"आमची हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र असतं ना, वाफेचं. त्यातून. जे मावेनात ते छिन्नीने फोडून घेतले."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. कोचावर बसल्या. आणि मग जे हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला, मृणाल स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

"बाई, यात हसण्यासारखं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणि गाळण्यांतले स्पंज?"

"दर शनिवारी उकळतो," डॉक्टर म्हणाले. पण आता आवाज जरा खाली आला होता.

"आणि चांगल्या जंतूंचं औषध मिळतं बाटलीतून, पाणी तयार करायचं... ते?"

"ते घातलं ना! शुक्रवारी घातलं."

"आणि शनिवारी उकळलं."

...

मृणालने तोंडाला पदर लावला. डॉक्टर टाकीकडे बघत राहिले.

"अरे मेल्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मासा खातो, मासा घाण करतो. ती घाण पाण्यात विष होते. ते विष खाऊन टाकणारी मंडळी त्या दगडांच्या भोकाभोकांत राहत होती. तू त्यांची वाफेवर इडली केलीस."

"पण बाई, जंतू म्हणजे जंतू! मी आयुष्यभर..."

"तुझ्या दवाखान्यात बरोबर आहे ते. मी उद्या दात दाखवायला आले तर माझ्यासाठीही उकळ. पण इथं कुणाचा दात काढायचाय?"

डॉक्टरांनी एकदा दगडांकडे, एकदा बाईंकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "मग आता शुक्रवारच्या आत पाणी शुद्ध करायचं तर काय करू?"

बाई उठल्या. मृणालसाठी त्यांनी बर्फात घालून कोलंबी आणली होती. डबा उघडला, त्यातली एक चांगली मोठी कोलंबी शेपटीला धरून उचलली, टाकीपाशी गेल्या, स्टुलावर चढल्या, आणि दिली पाण्यात सोडून.

"बाई!"

कोलंबी गिरक्या घेत खाली गेली आणि पांढऱ्याशुभ्र वाळूवर जाऊन पडली.

"बाई, मेलेली आहे ती!"

"जिवंत कशी असेल? बर्फात होती."

"कुजेल!"

"कुजू दे."

"पाणी खराब होईल!"

"होऊ दे. ती मंडळी त्या घाणीवरच वाढते. खराब झाल्याशिवाय चांगलं कसं होणार?"

डॉक्टरांचा हात मासे काढायच्या जाळीकडे गेला. बाईंनी नुसतं बघितलं. पंचवीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत डॉक्टर बेडकाच्या पोटात नको तिथे सुरी घालत असताना त्यांनी असंच बघितलं होतं. हात मागे आला.

"शुक्रवारचे मासे..." डॉक्टर म्हणाले.

"आण की."

"जगतील?"

"रविवारी छान दिसतील. सगळे वाहवा करतील. पुढचं काय ते मृणालला सांग."

...

मृणाल दारातच उभी होती. तिची नजर पुस्तकांच्या कपाटाचं माप घेत टाकीवरून फिरत होती.

डॉक्टरांनी मनात रविवारचा हिशेब मांडला. अर्धं कोल्हापूर यायचं होतं. महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटले होते, या, समुद्र बघायला या. दवाखान्यातल्या खुर्चीत आ करून पडलेल्या पेशंटलासुद्धा सोडलं नव्हतं. आणि आता काय दाखवायचं? कोलंबी? दुसरीकडे पेरूखालचा बंड्या. मासे हवे होते ते पाहुण्यांसाठी हवे होते, हे त्यांना आता लख्ख दिसलं, आणि लाज वाटली.

त्यांनी फोन काढला आणि मासे रद्द केले. किती दिवसांसाठी, असं दुकानदाराने विचारलं. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी टाकीकडे बोट दाखवलं.

"सांगतो नंतर," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले.

"आणि त्याच्याकडून एक दगड मागव," बाई म्हणाल्या. "काळाहिरवा. ओल्या गोणपाटात गुंडाळून."

"आणि धुवायचा नाही. कळलं."

"वाससुद्धा घेऊ नको. घेतलास की धुवावासा वाटेल."

दगड आला. त्याचा वास पार फाटकापासून आला. डॉक्टरांनी डोळे मिटून, मान एका बाजूला वळवून तो टाकीत ठेवला, आणि मग नळाखाली हात धुतले ते इतका वेळ की मृणालने शेवटी नळच बंद केला. दुसऱ्या दिवशी काचेवर तपकिरी साय धरली. फडकं घेऊन डॉक्टर तीनदा तिथे गेले आणि तीनदा परत आले.

रविवार उजाडला. होम झाला, धूर झाला, मंडळी आली. गुरुजींनी आशीर्वाद देता देता उपरणं नाकाला लावलं आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "यजमान, त्या काचेत काही कुजतंय का?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"वास्तुशांतीच्या दिवशी? काढून टाका ते!"

"नाही काढता येत, गुरुजी. तिथंही वास्तुशांतच चाललीय."

हे आपण काय बोलून गेलो याचं डॉक्टरांनाच नवल वाटलं. कोपऱ्यात ताट घेऊन बसलेल्या बाईंनी मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा जिलबी खायला लागल्या.

मग मृणालचा भाऊ रणजित आला. हा म्हणजे आवाजाने घर भरणारा माणूस.

"दाजी! समुद्र कुठाय? आणि मासं कुठायत हो?"

"अजून आणले नाहीत."

"मग ही काय भानगड? एक कोलंबी, तीबी मेलेली!" रणजित काचेला नाक लावून मोठ्याने म्हणाला. "एवढा हत्तीएवढा खर्च करून दाजींनी रस्सा ठेवलाय व्हय, थंड करायला?"

सगळा हॉल हसला. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांनी यंत्रांचं, बीमचं, परदेशी मिठाचं पुराण लावलं असतं. आज तेही हसले. खरंखुरं हसू आलं त्यांना.

"पाणी अजून तयार नाही रे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी दगड शिजवले होते."

"दगड शिजवले?"

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. ऑटोक्लेव्ह, छिन्नी, शनिवारचे स्पंज, काही लपवलं नाही. लोक पोट धरधरून हसले. वास्तुशांतीला इतकी मजा कुणाला कधी आली नव्हती. जेवणं झाली, पानसुपारी झाली, मंडळी चपला शोधायला लागली.

तेवढ्यात मृणालची हाक आली.

"अहो! इकडे या... लवकर या!"

ती भरजरी साडीत टाकीपुढे फरशीवर मांडी घालून बसली होती. बोट काचेला टेकवलेलं.

त्या काळ्याहिरव्या दगडाच्या एका भोकातून काहीतरी बाहेर येत होतं. दोऱ्याएवढं, गुलाबीसर. थोडं बाहेर आलं, थबकलं, परत आत गेलं. मग पुन्हा आलं, आणखी थोडं. वाळूवर उतरलं आणि हळूहळू कोलंबीच्या दिशेने निघालं.

"हलतंय!" मृणाल म्हणाली. "अहो, जिवंत आहे ते!"

बंड्या गेल्यापासून तिचा असा आवाज डॉक्टरांनी ऐकला नव्हता.

चपला तशाच टाकून मंडळी परत आत आली. रणजित गुडघ्यांवर बसला. गुरुजींनी नाकावरचं उपरणं काढलं आणि चष्मा लावला. मागची मंडळी टाचा उंचावून बघायला लागली.

"किडा आहे!" डॉक्टर म्हणाले, आणि हात आपोआप जाळीवर गेला. उचललीही त्यांनी जाळी. मग त्यांचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं. ती त्या किड्याकडे बघून हसत होती.

डॉक्टरांनी जाळी खाली ठेवली. तिच्याशेजारी, नव्या कोऱ्या सोवळ्यासकट, फरशीवर बसले.

बराच वेळ बघत बसले.

"बाई," शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "याला राहू देऊ ना?"

बाईंनी शेवटची जिलबी संपवली. बोटं पुसली.

"मला काय विचारतोस? तुझ्या माशांना तो राहू देईल का, ते विचार त्याला."